टाय घातलेला कामगार

दवाखान्यात आपण नंबर लावून बसलेले असतो. अंगात ताप, हातात केसपेपर. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट, टाय आणि जड बॅग घेतलेला एक तरुण आत येतो, कंपाउंडरकडे कार्ड देतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. आपल्याला वाटतं, आता हा मध्येच घुसणार! हा एम. आर., म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. मी पंचवीस वर्षं असाच भिंतीला टेकून उभा होतो. त्याच्या बॅगेत काय असतं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच्या नोकरीला आधार किती असतो, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मी १९७९ साली बी. एस्सी. होऊन एका लहानशा औषध कंपनीत लागलो. हेडक्वार्टर मिरज. सकाळच्या एसटीनं कधी तासगाव, कधी विटा, कधी जत. दिवसाला दहा-बारा डॉक्टर, पाच-सहा केमिस्ट, आणि रात्री लॉजवर बसून डेली रिपोर्ट लिहायचा. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. मुलगा टाय घालतो याचा त्यांना फार अभिमान. पण पहिल्याच दिवाळीत त्यांनी मला विचारलं, "तुमची युनियन कुठली?" मी हसून म्हणालो, "आबा, आम्ही ऑफिसर. आम्हाला युनियन कशाला?" ते काही बोलले नाहीत. त्या प्रश्नामागे केवढा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तो इतिहास एका व्याख्येचा आहे. १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा आला. नोकरीवरून काढलेल्या माणसाला त्यात दाद मागता येत होती, पण तो कायद्याच्या भाषेत 'कामगार' असेल तरच. म्हणजे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम करणारा. पुढे तांत्रिक आणि देखरेखीचं कामही त्यात आलं. मग बॅग घेऊन डॉक्टरांना औषधाची माहिती सांगणारा कोण? १९६१ साली 'मे अँड बेकर' कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उत्तर दिलं. या माणसाचं मुख्य काम विक्रीसाठी प्रचार करण्याचं; थोडंफार लिहिणं, थोडंफार उचलणं हे त्या ओघातलं. म्हणून तो कामगार नाही. झालं! साहेब तर तो नव्हताच, आता कामगारही उरला नाही.

मग ही माणसं एकत्र आली. १९६३ साली हैदराबादला त्यांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. संसदेकडे अर्ज गेले, आणि राज्यसभेच्या याचिका समितीनं १९७२ साली या प्रश्नावर अहवाल दिला. शेवटी ६ मार्च १९७६ पासून 'सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज' कायदा लागू झाला. नेमणुकीचं पत्र ठरलेल्या नमुन्यात देणं बंधनकारक झालं. रजेचा हिशेब ठरला. बोनस, ग्रॅच्युइटीचे कायदे लागू झाले. आणि औद्योगिक विवाद कायद्याचं दारही उघडलं.

पण दाराला उंबरठा होता. कमिशन सोडून महिना साडेसातशे रुपयांच्या वर ज्याचा पगार, तो या कायद्याच्या बाहेर! मला १९८१ साली पगारवाढ मिळाली आणि मी सातशे ऐंशीवर गेलो. मॅनेजरनं हात मिळवला, मी घरी पेढे नेले. त्या पेढ्यांबरोबर मी कायद्याचं छत्र घालवून बसलो होतो, हे मला सांगायला कुणी नव्हतं. महागाईबरोबर पगार वाढत गेले आणि साडेसातशेचा आकडा जागेवरच राहिला. म्हणजे दरवर्षी कायद्याबाहेर पडणाऱ्यांची भर पडत होती.

याच काळात आमची संख्या वाढत होती. १९७० च्या पेटंट कायद्यानं, जो १९७२ पासून लागू झाला, औषध या पदार्थावरचं पेटंट काढून टाकलं आणि ते बनवण्याच्या पद्धतीपुरतंच ठेवलं. देशी कंपन्यांना मोकळीक मिळाली, औषधं स्वस्त झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्याचा एक परिणाम असा, की तेच औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकू लागल्या. गोळी तीच, मग डॉक्टरांनी आमचंच नाव का लिहावं? फरक पाडायचा तो दारात उभ्या असलेल्या माणसानं. म्हणून प्रत्येक कंपनीला आमची गरज वाढली, आणि तरीही आमच्यातला प्रत्येक जण बदलता येण्यासारखा होता.

कंपनीला कुणी नकोसा झाला, तर त्याला काढून टाकण्याची गरजच पडत नसे. बदली पुरे. माझा एक सहकारी होता, सांगलीचा. त्यानं दौऱ्याच्या भत्त्याबद्दल मीटिंगमध्ये चार प्रश्न विचारले. पंधरा दिवसांत तार आली, बिहारमधल्या पूर्णियाला रुजू व्हा. घरी अर्धांगवायू झालेली आई, बायकोची शाळेतली नोकरी. त्यानं आठवडाभर विचार केला आणि राजीनामा लिहून दिला. कंपनीच्या दप्तरी नोंद राहिली ती 'स्वेच्छेनं राजीनामा' अशी. तार आली त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मी काही बोललो नाही. पुढच्या मीटिंगमध्येही बोललो नाही. कुणीच नाही.

त्यानंतर आमच्या टीमचं जे झालं ते आकड्यात सांगता येणार नाही. चेष्टामस्करी बंद झाली. न केलेल्या भेटी रिपोर्टात दिसू लागल्या. महिनाअखेरीला टार्गेट भरत नसलं, की स्टॉकिस्टकडे स्वतःच्या खिशातले पैसे भरून माल उचलायचा आणि विक्री दाखवायची. मी स्वतः हे दोनदा केलंय, एकदा बायकोच्या भिशीचे पैसे घालून. कंपनीला वाटे, पोरं जोमात आहेत. प्रत्यक्षात भीती काम करत होती.

१९८६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मे १९८७ पासून साडेसातशेची अट गेली. व्यवस्थापकीय काम करणारे आणि सोळाशेच्या वर पगार असलेले देखरेख करणारे सोडले, तर सगळे एम. आर. आत आले.

महाराष्ट्रात आमच्याकडे आणखी एक कायदा होता, अनुचित कामगार प्रथा रोखणारा, १९७१ चा. धोरणाचं नाव पुढे करून आकसानं बदली करणं ही त्या कायद्याच्या यादीत अनुचित प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली होती. शिवाय तिथे सरकारच्या संदर्भाची वाट न पाहता माणूस थेट तक्रार करू शकत होता. माझ्या सहकाऱ्यासाठीच लिहिलेलं कलम म्हणा ना! पण या कायद्यातली 'कर्मचारी' ही व्याख्या पुन्हा त्या जुन्या 'कामगारा'वर बेतलेली. १९९४ साली 'सँडोझ' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला. आमच्या बाजूचं म्हणणं होतं, की औषधशास्त्र समजावून सांगणं हे कुशल, तांत्रिक काम आहे. न्यायालय म्हणालं, विक्रीवाढीचं काम कायद्यात दिलेल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही. १९७६ च्या कायद्याचं संरक्षण तुम्हाला आहे. पण मूळ व्याख्येत तुम्ही कामगार नाही आणि महाराष्ट्राच्या कायद्याखाली तुमची तक्रार चालणार नाही. ते दार उघडायला १९९९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी राज्यानं आपली व्याख्या बदलून विक्री-संवर्धन कर्मचारी हे शब्द त्यात घातले. राजीनाम्यानंतर माझ्या सहकाऱ्यानं तोवर औषधाचं दुकान टाकलं होतं. मी त्याला बातमी सांगायला गेलो. तो म्हणाला, "चांगलं झालं. पोरांना उपयोग होईल." आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९७६ चा कायदा त्यात विलीन झाला, आणि औद्योगिक संबंध संहितेतल्या 'कामगार' या व्याख्येत विक्री-संवर्धन कर्मचारी हे शब्द स्पष्टपणे आले. १९६१ मध्ये नाकारलेलं नाव चौसष्ट वर्षांनी मिळालं. पण त्याच संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीलाही जागा आहे. मुदत संपली की नोकरी संपली; तिथे पूर्णियाची तारही लागणार नाही. डेली रिपोर्टाची वही जाऊन मोबाइलवरचं ॲप आलं आहे, आणि पोरगा कुठल्या दवाखान्यात किती वाजता होता हे साहेबांना बसल्या जागी दिसतं.

परवा आमच्या गल्लीतला एक मुलगा पेढे घेऊन आला. औषध कंपनीत लागलाय. पत्रावर पद होतं 'बिझनेस एक्झिक्युटिव्ह'. मी चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचलं. मुदत कुठे लिहिली आहे, बदलीचं कलम काय म्हणतं, नोटीस किती दिवसांची, ते त्याला बोट ठेवून दाखवलं. कोर्ट पदनाम बघत नाही, काम बघतं, हेही सांगितलं. तो जरा हिरमुसला. मग मी पेढा तोंडात टाकला आणि आबांचा प्रश्न त्याला विचारला, "तुमची युनियन कुठली?"

तो हसला. अगदी मी हसलो होतो तसाच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)