सोन्याची केस आणि आतलं मशीन

आज आपण सोन्याच्या मनगटी घड्याळाविषयी बोलणार आहोत. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं परवा एका श्रोत्याने फोनवर विचारलं. "व्याख्यानाच्या शेवटी सांगू," असं आम्ही तेव्हा म्हणालो होतो. पण ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

१९८० साली आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला हजार रुपयांच्या वर गेला होता. अण्णांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे, एक स्विस घड्याळ होतं. १९४८ साली त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी जावयाला दिलेलं. अठरा कॅरटची केस, पांढरट डायल आणि दोनच काटे. लग्नामुंजीला तेवढं ते हातावर यायचं, एरवी कपाटात. ते घेऊन अण्णा सराफाकडे गेले, बरोबर आम्ही. सराफांनी मागचं झाकण उघडलं, मशीन बाहेर काढलं, रिकामी केस काट्यावर ठेवली आणि मशीन कागदाच्या पुडीत बांधून परत दिलं. "मास्तर, हे तुम्ही घेऊन जा. याला भाव नाही."

ते वाक्य आम्ही विसरलो नाही. त्या वर्षी जगभर हेच चाललं होतं, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

आता थोडं मागे जाऊ. सोळाव्या शतकातलं जिनिव्हा घ्या. १५४१ साली जाँ कॅल्व्हिन तिथे परतला आणि त्याच्या प्रभावाखाली शहरात दागदागिन्यांवर, थाटामाटावर निर्बंध आले. सोनारांची पंचाईत झाली. मग ते घड्याळाकडे वळले, कारण घड्याळ हा दागिना नव्हे, ती उपयोगाची वस्तू, अशी हकीकत नेहमी सांगितली जाते. आम्हाला ती जरा फारच सोयीची वाटते. फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेले ह्यूगेनॉ कारागीर हे कौशल्य बरोबर घेऊन आले होते, त्यांच्याशिवाय हे घडलं नसतं. पण त्या हकीकतीतलं एक मर्म खरं आहे. सोनं अंगावर घालायला निमित्त लागतं, आणि घड्याळासारखं सभ्य निमित्त दुसरं नाही. १६०१ साली जिनिव्हात घड्याळकारांचा संघ रीतसर स्थापन झाला.

मनगटावर मात्र ते फार उशिरा आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुरुषाचं घड्याळ खिशात असायचं. मनगटावर बांधायचं ते बायकांचं, असा समज होता. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला सवड नव्हती, आणि तो समज तिथे मोडला. युद्धानंतर सुटाच्या बाहीखाली जाईल असं पातळ, गोल, साधं घड्याळ आलं. इंग्रजीत त्याला ड्रेस वॉच म्हणतात, आपण समारंभाचं घड्याळ म्हणू. तारीख नाही, पुष्कळदा सेकंदकाटाही नाही. त्यामागे एक शिष्टाचार होता. समारंभात बसलेल्या माणसाने सेकंद मोजू नयेत! (हशा)

या प्रकारातलं सर्वांत नावाजलेलं घड्याळ म्हणजे पाटेक फिलिपचं १९३२ सालचं 'कालात्राव्हा', ९६ क्रमांकाचं मॉडेल. जागतिक मंदीत ही कंपनी अडचणीत आली आणि त्याच वर्षी जाँ आणि शार्ल स्टर्न या भावांनी ती विकत घेतली. या भावांचा मूळ धंदा काय होता? डायल बनवण्याचा. म्हणजे घड्याळाचा चेहरा करणाऱ्यांनी अख्खं घड्याळच घेतलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, डायलकडे आपल्याला परत यायचं आहे.

आणि मग १९६९ सालची २५ डिसेंबर ही तारीख. टोकियोत सेइकोने 'ॲस्ट्रॉन' हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. त्याची केस कशाची होती? अठरा कॅरट सोन्याची! किंमत साडेचार लाख येन, तेव्हा एवढ्यात छोटी मोटार येत असे. चावीच्या घड्याळाचा काळ ज्याने आणला, त्याने अंगावर सोनं घातलेलं होतं. पुढे क्वार्ट्झ स्वस्त झालं आणि चावीच्या घड्याळाचा उपयोग, म्हणजे सोन्याचं ते सभ्य निमित्तच, गेलं. स्वित्झर्लंडमध्ये १९७० साली सुमारे ९०,००० माणसं या धंद्यात होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस-बत्तीस हजारांवर आली.

दुसरीकडे १९७१ साली अमेरिकेने डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली होती. औंसाला ३५ डॉलर हा वर्षानुवर्षांचा अधिकृत भाव जानेवारी १९८० मध्ये ८५० वर पोचला. दोन्ही गोष्टी एकत्र करा. मशीनला मागणी नाही आणि केसला कधी नव्हता एवढा भाव. जगभर केसेस मुशीत गेल्या. आजही जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांकडे केस नसलेली उत्तमोत्तम मशीनं डब्याडब्यांनी दिसतात, ती यामुळे. ज्या सोन्यासाठी घड्याळ जपलं गेलं, त्याच सोन्यापायी ते मोडलं गेलं.

आपल्याकडे आणखी एक पदर होता. चीनशी युद्ध झाल्यावर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली. सोनारांचे संसार उघड्यावर पडले, काहींनी जीव दिले. हे नियंत्रण वेगवेगळ्या रूपांत १९९० पर्यंत टिकलं. परदेशी घड्याळांच्या आयातीवरही निर्बंध होते. त्यामुळे घरातलं जुनं स्विस सोन्याचं घड्याळ म्हणजे पुन्हा न मिळणारी चीज. तरीही ते मोडलं जायचं, कारण मुलीचं लग्न पुन्हा पुढे ढकलता येत नाही. अण्णांना आम्ही कधी दोष दिला नाही. नव्या जावयाला त्यांनी एचएमटीचं 'जनता' दिलं. ते उत्तम चालायचं.

निवृत्तीनंतर तसंच एखादं घड्याळ घ्यावं असं मनात आलं. पहिल्या खेपेला आम्ही फसलो. डायल लखलखीत, अक्षरं ठसठशीत, आम्ही खूष. आमच्या घड्याळजींनी भिंग लावलं आणि म्हणाले, "सर, अक्षरं सुजलेली आहेत." डायल नव्याने रंगवलेलं होतं. मुंबईत रंगवलेल्या डायलची जुनी घड्याळं परदेशी संग्राहकांत बदनाम आहेत, हे तेव्हा कळलं. यात आपल्या हवेचाही दोष आहे. या पातळ केसेसमध्ये पाणी अडवायची फारशी सोय नसते, मुंबईची दमट हवा आत शिरते आणि डायलवर डाग धरतात. ते पुसायला गेलं की छापलेलं नावही जातं.

दुसऱ्या खेपेला आम्ही डागाळलेलं घेतलं. झाकण उघडून आतले शिक्के बघितले. स्विस अठरा कॅरटला हेल्व्हेशियाचं, म्हणजे एका स्त्रीचं, मस्तक असतं आणि चौदा कॅरटला खार. (हे १९९५ च्या आधीच्या घड्याळांबद्दल सांगतोय, पुढे शिक्का बदलला.) पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या कडा धारदार आहेत ना, तेही पाहिलं. वारंवार पॉलिश केलेल्या केसच्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या होतात. दरवेळच्या पॉलिशला थोडं सोनं झिजतं, आणि गेलेला आकार परत येत नाही. विक्रेता म्हणाला, "डायल नवं करून देतो, पैसे नकोत." आम्ही हात जोडले.

वापरताना गंमत वाटते ती चावी देण्याची. सकाळी चहाच्या आधी, अंगठा आणि तर्जनीत धरून, स्प्रिंग घट्ट लागेपर्यंत. लागली की थांबायचं, जोर करायचा नाही. पाऊस असेल त्या दिवशी ते घरीच राहतं.

आता आमच्या विषयाकडे. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन मिनँडर राजाला रथाबद्दल विचारतो. चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? वर्गात हे आम्ही कित्येक वर्षं शिकवलं. मागच्या दिवाळीत बहीण आली होती. आमच्या मनगटावरचं घड्याळ पाहून म्हणाली, "हे अण्णांचं नाही." आम्ही म्हणालो, नाहीच, अण्णांचं डब्यात आहे, आणि पेढ्यांच्या डब्यातली ती पुडी काढून दाखवली. तिने मशीनकडे नीट पाहिलंही नाही. मंगळसूत्राच्या वाट्यांना हात लावून म्हणाली, "अण्णांचं घड्याळ हे इथे आहे, दादा."

सराफाने वजनाला वजन दिलं असणार, त्या वाट्यांत नेमकं तेच सोनं आहे याची काही खात्री नाही. हे सगळं आमच्या जिभेवर आलं होतं. आम्ही बोललो नाही.

ती गेल्यावर ते मशीन घड्याळजींकडे नेलं. त्यांनी खोललं, धुतलं, तेल दिलं. त्याला बसेल अशी केस मिळत नाही, आणि एखाद्या चांगल्या घड्याळाची काढून घालायची म्हणजे आणखी एक मशीन उघडं पाडायचं. म्हणून ते आता प्लास्टिकच्या डबीत टेबलावर असतं. रोज सकाळी दोघांना चावी देतो. डबीतलं दिवसाला मिनिटभर पुढे धावतं.

चला, प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला.