मसल कारचे एक्झॉस्ट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : शक्तिवाढीचा समज आणि वास्तव

बेंगळुरू : शहराच्या जुन्या पेठांपैकी एक असलेल्या चिकपेटपासून थोड्याच अंतरावर, टाउन हॉलकडून मिनर्व्हा सर्कलच्या दिशेने जाणारा जयचामराजेंद्र रस्ता मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार म्हणून ओळखला जातो. ‘जे.सी. रोड’ या नावाने परिचित असलेल्या अशा बाजारांत येणाऱ्या मोटारप्रेमींमध्ये एक समज दृढ आहे. कंपनीने बसवलेली एक्झॉस्ट यंत्रणा ‘मोकळी’ केली आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला की इंजिनाची शक्ती मोठ्या प्रमाणात वाढते, असा तो समज होय. त्यात तथ्य किती, त्यामागील शास्त्र कोणते आणि भारतीय कायदा याकडे कसा पाहतो, याचा हा आढावा.

समजाचे मूळ

मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे व्ही-८ इंजिन बसवण्याची प्रथा अमेरिकेत १९६० च्या दशकात रुजली. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही या प्रकारातील आरंभीची मोटार मानली जाते. अशा मोटारींना पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले. भारतात फोर्ड मस्टँगची अधिकृत विक्री २०१६ मध्ये सुरू झाली. पाच लिटर क्षमतेच्या तिच्या व्ही-८ इंजिनाची शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती होती.

अमेरिकेतील १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७५ च्या मॉडेलांपासून तेथील बहुतेक मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. त्या काळातील अनेक कन्व्हर्टरांत उत्प्रेरकाचे लेप असलेल्या गोळ्या भरलेल्या असत आणि त्यांतून वायूचा प्रवाह अडखळत असे. त्याच सुमारास शिसेविरहित पेट्रोलसाठी इंजिनांचे संपीडन गुणोत्तर कमी करण्यात आले होते. शक्ती मोजण्याची पद्धतही १९७२ च्या सुमारास बदलली व कागदावरील आकडे घसरले. या साऱ्याचा दोष एकट्या कन्व्हर्टरच्या माथी बसला आणि तो समज आजही टिकून आहे.

आजचा कन्व्हर्टर वेगळा आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सिरॅमिक किंवा धातूच्या ठोकळ्यात अत्यंत बारीक भिंतींचे शेकडो समांतर मार्ग असतात. त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म थर असतो. सुस्थितीतील अशा कन्व्हर्टरचा वायूला होणारा अडथळा पूर्वीच्या तुलनेत बराच कमी आहे.

शक्ती कोठून येते

इंजिनाच्या सिलिंडरमधून जळालेला वायू दाबाच्या स्पंदांच्या रूपाने बाहेर पडतो. प्रत्येक स्पंदामागे कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो. नळ्यांची लांबी व व्यास योग्य असल्यास हा पट्टा पुढील सिलिंडरमधील वायू ओढून घेण्यास साहाय्य करतो. यासाठीच सुधारित यंत्रणेत समान लांबीच्या नळ्यांचे हेडर वापरतात आणि व्ही-८ इंजिनाच्या दोन बाजूंच्या नळ्या इंग्रजी ‘एच’ किंवा ‘एक्स’ आकारात जोडतात. वळणावर नळी चेपली जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

मात्र नळी जितकी रुंद तितकी शक्ती अधिक, असे गणित येथे चालत नाही. गरजेपेक्षा रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर इंजिनाची ओढ घटते. शहरातील रहदारीत मोटार बहुतांश वेळ कमी फेऱ्यांवरच चालते. त्यामुळे कागदावर वाढलेली शक्ती रस्त्यावर जाणवतेच असे नाही.

कन्व्हर्टर कायम ठेवून त्यामागील नळ्या व सायलेन्सर बदलल्यास टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती सामान्यतः काही टक्क्यांनीच वाढते. चारशे अश्वशक्तीच्या इंजिनात पाच टक्के वाढ म्हणजे २० अश्वशक्ती. टर्बो इंजिनात वाढीस अधिक वाव असतो. परंतु त्यासाठी इंजिनाच्या संगणकीय नियंत्रणातही बदल करावे लागतात. आवाज मात्र तत्काळ वाढतो. तो १० डेसिबलने वाढल्यास कानाला सुमारे दुप्पट भासतो. वाढलेला आवाज हीच वाढलेली शक्ती, असा भ्रम यातूनच होतो.

कन्व्हर्टर काढल्यास काय होते

पेट्रोल इंजिनातील ‘थ्री-वे’ कन्व्हर्टर तीन कामे करतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये, न जळालेल्या हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि नायट्रोजन ऑक्साइडचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये तो रूपांतर करतो. त्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे १४.७ : १ राखावे लागते. हे काम कन्व्हर्टरच्या अलीकडील ऑक्सिजन सेन्सरच्या साहाय्याने होते. पलीकडील सेन्सर कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेवर लक्ष ठेवतो.

कन्व्हर्टर काढला, किंवा त्यातील जाळी फोडून बाहेरचा रिकामा डबा तसाच ठेवला, की दुसरा सेन्सर बिघाडाची नोंद करतो आणि डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’ दिवा लागतो. सेन्सरला फसवण्याचे उपाय केल्यास खरा बिघाडही लपतो.

चिकपेटसारख्या अरुंद गल्ल्यांच्या आणि दाट वर्दळीच्या भागात या वायूंचा विषय केवळ तांत्रिक राहत नाही. संथ रहदारीत बाहेर पडणारा वायू तेथेच रेंगाळतो आणि दुकानदार, हमाल व पादचारी तो दिवसभर श्वासावाटे घेतात.

भारतातील मानके

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर बंधनकारक झाला. शिसे कन्व्हर्टरमधील उत्प्रेरक निकामी करते. म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याबरोबर आणावे लागले. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर थांबली. भारत स्टेज-४ मानके २०१० मध्ये बेंगळुरू, मुंबई, पुणे व सोलापूरसह १३ शहरांत, तर २०१७ मध्ये देशभर लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ आणि एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा अमलात आला. या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचीही तपासणी होते. अशा चाचण्या करून वाहनांना मान्यता देणाऱ्या संस्थांत पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही तरतूद अधोरेखित केली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० सायलेन्सरविषयी, तर नियम ११५ उत्सर्जनाविषयी आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन करून वाहन चालवल्यास कलम १९० (२) नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद असून, वाहन चालवण्याचा परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. बदल विमा कंपनीला न कळवल्यास अपघातानंतर दाव्यात अडचण येऊ शकते.

पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे मोटार निर्दोष, असे मानणेही चुकीचे आहे. पेट्रोल वाहनांच्या या तपासणीत प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. नायट्रोजन ऑक्साइडचे मापन होत नाही.

चोरीचा धोका

मौल्यवान धातूंमुळे कन्व्हर्टरला चोरबाजारातही मागणी आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र व गुजरातसह अनेक राज्यांत मारुती ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरीस गेल्याच्या तक्रारी नोंदवल्या गेल्या. त्यामुळे जुना कन्व्हर्टर पावतीविना विकणे किंवा विकत घेणे जोखमीचे आहे.

मालकांपुढील मार्ग

मोटारीची शक्ती घटल्याचे जाणवत असल्यास प्रथम एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंधनाचा दर्जा व सेन्सर तपासावेत. कन्व्हर्टर खरोखरच तुंबला असल्यास इंजिनातील मिसफायर किंवा ऑइल जळणे हे त्याचे मूळ कारण असू शकते. ते दूर करून त्याच मॉडेलसाठी मान्य असलेला नवा कन्व्हर्टर बसवणे हा योग्य उपाय होय. एक्झॉस्ट बदलायचेच असल्यास उत्पादकाने त्या मॉडेलसाठी देऊ केलेला व मान्यताप्राप्त भाग निवडावा आणि खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनीकडून लेखी खातरजमा करावी.

निव्वळ शर्यतीसाठी तयार केलेल्या मोटारींची जागा शर्यतीच्या मार्गावर आहे. बेंगळुरूकरांना चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे हे दोन मार्ग तुलनेने जवळ आहेत. अशी मोटार तेथपर्यंत सार्वजनिक रस्त्यावरून चालवत न नेता वाहक वाहनावर चढवून न्यावी लागते.