मेक्सिकोच्या मातीत विदर्भाचे बीज

साकोली : दसऱ्याला दारावर चढणारे झेंडूचे तोरण, आठवडी बाजारात ढिगाने येणारी लाल मिरची, टोमॅटो, वाडीच्या कडेला पेरलेला मका... यातले काहीच मूळचे आपले नाही, असे सांगितल्यास झाडीपट्टीतील शेतकरी चटकन विश्वास ठेवणार नाही. पण या पिकांचे मूळ माहेर मेक्सिको व त्याच्या आसपासचा प्रदेश आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांतून ही रोपे आणि बियाणे आशियात आले आणि तीन-चार शतकांत आपल्या स्वयंपाकघरात व देवघरात मुरून गेले.

मेक्सिकोकडून आपण एवढे घेतले. आपल्याकडून मेक्सिकोला काय गेले? या प्रश्नाचे एक ठळक उत्तर विदर्भातच सापडते. वर्ध्यात जन्मलेले आणि नागपुरात अखेरचा श्वास घेतलेले क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे ते उत्तर. मेक्सिकोच्या कृषी इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. त्यांच्या स्वतःच्या प्रदेशात मात्र त्यांचे नाव आजही अनेकांना सांगावे लागते.

वर्धा ते मेक्सिको

खानखोजे यांचा जन्म १८८४ चा. शिक्षण वर्धा व नागपुरात झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या त्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणे त्यांनाही सशस्त्र क्रांतीचा ध्यास लागला. त्यासाठी सैनिकी शिक्षण हवे आणि ते पारतंत्र्यात मिळणे नाही, हे ओळखून त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. कॅलिफोर्नियातील एका सैनिकी अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले आणि ऑरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत कृषिशास्त्राचा अभ्यास केला. एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती बियाणे, असा हा दुहेरी अभ्यासक्रम होता.

१९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्षाची उभारणी झाली. सोहनसिंग भाकना, लाला हरदयाळ यांच्याबरोबर संस्थापक फळीत खानखोजे होते. लष्करी तयारीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पहिले महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये उतरले आणि ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले. युद्धानंतर बर्लिन आणि तेथून १९२१ मध्ये मॉस्को असा त्यांचा प्रवास झाला. भारतात परतण्याचे सर्व मार्ग बंद झाले होते. तेव्हा १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिकोचा रस्ता धरला.

मालगुजारी गेली, शाळा आली

मेक्सिको तेव्हा नुकताच क्रांतीच्या होरपळीतून बाहेर पडला होता. १९१० पासून दशकभर चाललेल्या त्या क्रांतीच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. गावेच्या गावे ‘हासिएंदा’ नावाच्या प्रचंड जमीनदाऱ्यांत अडकली होती. विदर्भातील वाचकांना मालगुजारीची आठवण यावी, अशीच ती व्यवस्था.

राजधानीजवळच्या तेश्कोको परिसरातील चापिंगो ही अशीच एक हासिएंदा. एकेकाळी ती माजी राष्ट्राध्यक्ष मान्युएल गोन्सालेस यांच्या मालकीची होती. क्रांतीनंतर तेथे राष्ट्रीय कृषी विद्यालय हलविण्यात आले. जमिनीतून पीक काढायला शिकवायचे, माणसाची पिळवणूक करायला नव्हे, अशा आशयाचे ब्रीद या संस्थेने स्वीकारले. याच विद्यालयात खानखोजे वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधारणा शिकवू लागले.

मका, गहू, कडधान्ये, रबर अशा अनेक पिकांवर त्यांनी काम केले. कोरडवाहू आणि थंडीच्या पट्ट्यांत तग धरतील असे वाण काढण्यावर त्यांचा भर होता. मका आणि त्याचा रानटी भाऊबंद ‘तेओसिन्ते’ यांच्या संकराचा त्यांनी केलेला अभ्यास विशेष गाजला.

त्याहून महत्त्वाचे काम प्रयोगशाळेबाहेरचे होते. नवे वाण तयार झाले तरी ते अक्षरओळख नसलेल्या शेतमजुरापर्यंत कसे जाणार, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी खुल्या कृषी शाळांची कल्पना राबविली. शुल्क नाही, प्रवेशाची अट नाही. शेतकऱ्याने यावे, पाहावे, करून शिकावे आणि बियाणे घेऊन जावे. त्यांतील एका शाळेला जमिनीसाठी लढलेल्या एमिलिआनो झपाटा यांचे नाव देण्यात आले होते. ज्याने आयुष्याचा पूर्वार्ध परकीय सत्तेविरुद्ध शस्त्रे जमविण्यात घालविला, त्याने उत्तरार्धात भुकेविरुद्ध लढाई मांडली.

भिंतीवरचा चेहरा

क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत चित्रकारही याच कामाला जुंपलेले होते. शिक्षणमंत्री होसे व्हास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना मोकळ्या करून दिल्या. याच व्हास्कोन्सेलोस यांनी मंत्री होण्यापूर्वी, १९२० मध्ये, भारतीय तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिला होता, हेही लक्षात घेण्याजोगे.

भित्तिचित्रकारांचे अग्रणी दिएगो रिव्हेरा हे खानखोजे यांचे स्नेही झाले. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेरांनी १९२८ च्या सुमारास रंगविलेल्या ‘आमची रोजची भाकर’ या अर्थाच्या शीर्षकाच्या चित्रात मेजाभोवती जमलेल्या कष्टकऱ्यांना भाकर वाटून देणारा पुरुष दिसतो. त्या पुरुषाचा चेहरा खानखोजे यांचा आहे. वर्ध्याच्या एका मराठी माणसाची मुद्रा परदेशातील राष्ट्रीय कलाठेव्यात अशी कायमची कोरली गेली. इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनीही त्यांच्या शेतीप्रयोगांची छायाचित्रे टिपली.

स्वदेशाच्या दारात

१९३६ मध्ये खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना सावित्री आणि माया या दोन कन्या झाल्या. मेक्सिकोत मान, घर, संसार सारे होते. तरी भारताची ओढ सुटली नव्हती.

देश स्वतंत्र झाल्यावर ती ओढ पुरी होईल असे वाटले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते. तेथील सरकारला शेतीविषयक सल्ला देण्यासाठी १९४९ मध्ये ते भारतात आले. परंतु ब्रिटिशांनी तयार केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते. ज्या स्वातंत्र्यासाठी चार दशके परागंदा व्हावे लागले, त्याच स्वतंत्र देशाच्या विमानतळावर या वृद्ध क्रांतिकारकाला अडवून ठेवण्यात आले. सरकार बदलले होते, फाइल बदलली नव्हती.

पुढे ही अडचण दूर झाली. १९५५ च्या सुमारास ते कायमचे परतले व नागपुरात स्थायिक झाले. जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या मराठी चरित्रामुळे आणि कन्या सावित्री साहनी यांच्या इंग्रजी ग्रंथामुळे त्यांची कहाणी नव्या पिढीपर्यंत पोहोचली. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

हरितक्रांती आणि श्रेय

खानखोजे यांना काही वेळा हरितक्रांतीचे जनक म्हटले जाते. गौरवाच्या भरात झालेला हा घोटाळा दूर करणे त्यांच्याच थोरवीला धरून होईल. भारतात ज्या मेक्सिकन गव्हाने हरितक्रांती घडविली, त्याचे संशोधन अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी १९४४ पासून मेक्सिकोत स्वतंत्रपणे केले. ‘सोनोरा ६४’ आणि ‘लेर्मा रोहो ६४’ हे बुटके वाण त्यातून आले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आयात केले आणि पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. खानखोजे यांचे मोठेपण वेगळ्या जागी आहे. ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचल्याखेरीज ते शास्त्र पुरे होत नाही, हे त्यांनी बोरलॉग मेक्सिकोत येण्याच्या दोन दशके आधी ओळखले व करून दाखविले.

मेक्सिकोचे मानकरी

ज्या देशाने खानखोजे यांना आपले मानले, त्या देशातील आणखी काही मानकऱ्यांची ही ओळख :

कातारिना दे सान हुआन (मृत्यू १६८८) : भारतातून गुलाम म्हणून पळवून नेण्यात आलेली ही मुलगी मनिलामार्गे मेक्सिकोतील पुएब्ला शहरात पोहोचली. पुढे तिला तेथे संतपद मिळाल्यासारखाच मान लाभला. ‘चायना पोब्लाना’ या प्रसिद्ध मेक्सिकन वेशाशी लोकपरंपरेने तिचे नाव जोडले आहे.

सोर हुआना इनेस दे ला क्रूझ (मृत्यू १६९५) : मठात राहून काव्य, नाटक व शास्त्रचर्चा करणारी विदुषी जोगीण. स्त्रीच्या ज्ञानाधिकाराचा तिने धर्मसत्तेपुढे ठाम पुरस्कार केला.

बेनितो हुआरेझ (१८०६-१८७२) : झापोतेक या आदिवासी समाजातून राष्ट्राध्यक्षपदी पोहोचलेले नेते. धर्मसत्ता व राज्यसत्ता यांची फारकत त्यांनी केली. नवी दिल्लीतील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

एमिलिआनो झपाटा (१८७९-१९१९) : मोरेलोस प्रांतातील शेतकरी नेता. जमीन कसणाऱ्याला मिळावी यासाठी लढताना दगाबाजीने त्याची हत्या झाली.

लाझारो कार्देनास (१८९५-१९७०) : १९३४ ते १९४० या कारकिर्दीत सुमारे १.८ कोटी हेक्टर जमिनीचे वाटप करणारे राष्ट्राध्यक्ष. १९३८ मध्ये त्यांनी परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले.

फ्रिडा काहलो (१९०७-१९५४) : १९२५ मधील बस अपघाताने शरीर मोडले, पण त्याच वेदनेतून आत्मचित्रांची अजोड मालिका साकारली. मेक्सिको शहरातील तिचे ‘निळे घर’ आता संग्रहालय आहे.

ऑक्ताव्हिओ पाझ (१९१४-१९९८) : कवी व विचारवंत. १९६२ ते १९६८ या काळात भारतातील राजदूत. मेक्सिको शहरात विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराच्या निषेधार्थ त्यांनी १९६८ मध्ये पद सोडले. १९९० मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस (१९११-१९९१) : लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त ठेवणाऱ्या १९६७ च्या कराराचे शिल्पकार. १९८२ च्या शांततेच्या नोबेलचे सहमानकरी.

मारिओ मोलिना (१९४३-२०२०) : शीतकरणात वापरली जाणारी रसायने ओझोनचा थर विरळ करतात, हे दाखवून देणारे रसायनशास्त्रज्ञ. १९९५ च्या नोबेलचे सहमानकरी.

संजय राजाराम (१९४३-२०२१) : उत्तर प्रदेशात जन्मलेले, मेक्सिकोचे नागरिक झालेले गहूशास्त्रज्ञ. २०१४ चे जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळाले. चापिंगोच्याच परिसरात असलेल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्रात त्यांनी कार्य केले.

बांधावरची शाळा

भारतातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झाले. शेतकऱ्याला पदवीऐवजी प्रात्यक्षिक देणारी ही कल्पना पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत रुजली. भंडारा जिल्ह्यासाठीचे केंद्र साकोलीत आहे आणि येथील संशोधन केंद्रात धानाच्या वाणांवर काम होते. मामा तलावांच्या पाण्यावर धान पिकविणारा या भागातील शेतकरी नवे बियाणे आधी शेजाऱ्याच्या बांधीत पाहतो आणि मगच आपल्या बांधीत पेरतो. पाहून, हाताळून शिकण्याच्या या रीतीवर खानखोजे यांनी मेक्सिकोत आपल्या शाळा उभ्या केल्या होत्या, त्याही पुदुच्चेरीच्या प्रयोगाच्या सुमारे अर्धशतक आधी.

मेक्सिकोत त्यांचा चेहरा मंत्रालयाच्या भिंतीवर आहे, पुतळा कृषी विद्यापीठात आहे. विदर्भातील कृषी शिक्षणात त्यांच्या कार्याला किती स्थान द्यायचे, हे आता विदर्भानेच ठरवायचे आहे. यंदाच्या दसऱ्याला झेंडूचे तोरण बांधताना निदान एवढे स्मरण राहिले तरी पुष्कळ, की हे फूल मेक्सिकोतून आपल्या दारी आले आणि वर्ध्याचा एक माणूस मेक्सिकोच्या दारी गेला, तोही रिकाम्या हाताने नव्हे.