मुके तिकीट

आगगाडीचे छापील तिकीट निघाले ते मुळात प्रवाशाच्या सोयीसाठी नव्हे, तर कारकुनाला आवर घालण्यासाठी, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. इंग्लंडात थॉमस एडमंडसन नावाचे एक स्टेशनमास्तर होते. त्यांच्या काळी तिकिटे हाताने लिहून देत, आणि किती लिहिली व किती पैसे आले याचा मेळ बसवणे कठीण जाई. म्हणून त्यांनी १८४० च्या सुमारास अनुक्रमांक घातलेले पुठ्ठ्याचे छापील तिकीट चालू केले. सव्वादोन इंच लांबीचा तो तुकडा पुढे आपल्याकडेही इतका रुळला की आमच्या पिढीने लहानपणी काड्यापेटीच्या छापांबरोबर तोही जमवला. कोठून, कोठे, कोणता वर्ग, किती पैसे, सारे त्यावर छापलेले असे. तपासनीसाशी वाद झाला तर तोच आपला साक्षीदार. बसचे पातळ कागदी तिकीट घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचून ठेवायचे, तेही याचसाठी.

या साक्षीदाराची वाचा गेली ती गेल्या तीसेक वर्षांत.

हाँगकाँग शहरात १ सप्टेंबर १९९७ रोजी ‘ऑक्टोपस’ नावाचे कार्ड सुरू झाले. त्याचे चिनी नाव मोठे अर्थपूर्ण आहे; त्यात ‘आठ’ हा आकडा आहे आणि भाव सगळीकडे पोहोचण्याचा आहे. आठ हातांच्या प्राण्याचे इंग्रजी नाव त्याला शोभून दिसले. या कार्डाच्या पोटात बॅटरी नसते. तारेचे एक वेटोळे आणि एक इवलीशी चकती, एवढाच संसार. यंत्राजवळ नेले की यंत्राच्या रेडिओलहरींतूनच त्याला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते, शिल्लक वाचली जाते आणि भाडे वजा होते. हे सारे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात! पासष्ट लाख वस्तीच्या त्या शहरात पहिल्या तीन महिन्यांत तीस लाख कार्डे खपली. लोक कार्ड पाकिटातून काढीनासेच झाले. पाकीट, नाहीतर अख्खी पिशवीच यंत्रावर टेकवू लागले. यंत्राच्या आवाजावरून त्या क्रियेला त्यांच्या बोलीत ‘डूट’ असा शब्दही रूढ झाला.

मला त्यातली एक बारीक सोय फार आवडते. कार्डात थोडीच शिल्लक उरली आणि भाडे त्याहून जास्त झाले, तर कार्ड प्रवाशाला अडवीत नसे. एकवेळ उणे जाऊ देई आणि ती तूट आधी घेतलेल्या अनामतीतून भरून निघे. वाण्याने ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘राहू द्या, उद्या द्या’ म्हणावे, तसे. फरक एवढाच की या वाण्याने अनामत आधीच ठेवून घेतलेली!

लंडनची गोष्ट निराळी. तेथे २००३ साली ‘ऑयस्टर’ कार्ड आले. बसला एकच दर, त्यामुळे चढताना कार्ड लावले की झाले. परंतु भुयारी रेल्वेचे भाडे विभागांप्रमाणे बदलते; उतारू कोठे उतरला हे कळल्याशिवाय भाडे ठरत नाही. म्हणून आत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना पुन्हा एकदा कार्ड टेकवायचे. फाटक असेल तेथे विसरायची सोयच नाही, कारण फाटक उघडत नाही. पण ज्या स्थानकांवर फाटकच नाही, नुसता एका खांबावर पिवळा गोल, तेथे काय? वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणणारे मूल घरी निघताना ‘चाललो’ म्हणून सांगत नाही, हा आम्हा शिक्षकांचा रोजचा अनुभव. प्रौढ माणसांचे याहून वेगळे नसते. २००६ च्या अखेरीपासून असे विसरणाऱ्याकडून जास्तीत जास्त भाडे कापले जाऊ लागले. पुठ्ठ्याचे तिकीट असते तर दाखवून भांडता आले असते. कार्डावर मात्र काही लिहिलेलेच नाही. लिहिले आहे ते कंपनीच्या वहीत. प्रवाशाने आपल्याच प्रवासाचा पुरावा दुसऱ्याकडे मागायचा, ही स्थिती मला साधी वाटत नाही.

आणि कार्ड नको म्हणण्याची सोय तरी कितपत होती? २००६ च्या जानेवारीत मध्य लंडनातील एका फेरीला कार्डाने दीड पौंड पडत, रोखीने तीन. बोध स्पष्ट होता. जुलै २०१४ मध्ये तर बसमध्ये रोख पैसे घेणेच बंद झाले. बंद करताना, शिल्लक कमी असली तरी आणखी एक फेरी करू देण्याची सवलत मात्र ठेवली. हाँगकाँगच्या वाण्याची बुद्धी लंडनलाही सुचली म्हणायची.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात खरी गंमत झाली. बँकेचे कार्डही भुयारी रेल्वेच्या यंत्रावर चालू लागले. लोक आपले सवयीने पाकीट टेकवीत. पाकिटात दोन्ही कार्डे. कोणत्या कार्डाला हाक द्यावी हे यंत्राला कसे कळावे? कधी आत शिरताना एक आणि बाहेर पडताना दुसरे वाचले जाई, म्हणजे दोन्हींवर अर्धवट प्रवास आणि दोन्हींवर भुर्दंड. तेव्हा सूचना लागल्या की कार्डे वेगवेगळी ठेवा, हवे तेच बाहेर काढा. अकरा वर्षांत अंगवळणी पडलेली हाताची सवय पुन्हा मोडायची!

आपल्याकडे दिल्लीच्या मेट्रोने २००२ च्या डिसेंबरात कार्डाबरोबर प्लॅस्टिकचे गोल टोकनही दिले; ते उतरताना यंत्र गिळून टाकी. मुंबईत ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो आली, तीही टोकन आणि कार्ड घेऊनच. लोकल गाडीच्या स्थानकांत मात्र फाटके नाहीत. तेथे अजून ‘पास!’ हा एक शब्द तपासनीसाच्या अंगावर टाकून माणूस पुढे सटकतो. लोकललाही कार्ड आले, पण त्याची तऱ्हा खास मुंबईची. कार्ड यंत्रावर ठेवायचे, पडद्यावर बोटाने स्थानक निवडायचे, शिल्लक वजा व्हायची आणि यंत्रातून बाहेर पडायचे ते कागदाचे तिकीट! ज्यांना पडदा जमत नाही त्यांच्यासाठी यंत्राशी निवृत्त रेल्वे कर्मचारी उभे केले. ते आपले कार्ड ठेवतात, रोख पैसे घेतात आणि तिकीट हातात देतात. शेजारची यंत्रे मोकळी असली तरी रांग त्यांच्याचपुढे लागते.