एकशे एकोणतीस भुंगेरे

युरोप-अमेरिकेतील घरगुती बागांत रास्पबेरीची काटेरी झुडुपे मोठ्या हौसेने लावली जातात. त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला म्हणजे जाणता बागवान प्रथम पाने उलटून पाहतो. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला मुगाएवढा ढालकिडा तेथे फिरताना दिसला, की तो फवारणीचा पंप खाली ठेवतो. किडीवर कीड सोडून झाड वाचविण्याची ही रीत घरगुती शहाणपणाची वाटते. परंतु तिला शास्त्राचे स्थान मिळवून देणारी घटना १८८८-८९ साली, कॅलिफोर्नियातील नारिंगांच्या बागांत घडली.

कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. इसवी सन ३०४ मधला म्हणून मानल्या जाणाऱ्या एका चिनी वनस्पतिग्रंथात, दक्षिणेकडील बाजारात मुंग्यांची घरटी पिशव्यांत घालून विकली जात, अशी नोंद आहे. ती घरटी संत्र्यांच्या झाडांवर टांगीत. या मुंग्या नसल्या तर फळे किडून जातात, असे ग्रंथकार सांगतो. आपल्या कोकणात आंब्याफणसाची पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या याच कुळातल्या. त्यांचा कडकडून चावा ज्याने सोसला आहे, त्याला चिनी बागाइतांचा विश्वास अनाठायी वाटणार नाही. पुढे १७६२ साली मॉरिशस बेटावर टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या. तथापि हे सारे अनुभवाचे व्यवहार होते. शत्रूचा शत्रू कोठे शोधावा, याचा नियम त्यांतून हाती आला नव्हता.

१८६८च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे बाभळीच्या जातीच्या एका शोभेच्या झाडावर पांढरे कापसाळ पुंजके दिसू लागले. ही कापशी खवले कीड. तिची मादी आपल्या अंगामागे खोबणीदार पांढरी पिशवी तयार करते आणि तीत शेकडो अंडी घालते. पिलावळ फांद्यांना चिकटून रस शोषते. वीस वर्षांच्या आत ही कीड लॉस एंजेलिसच्या नारिंगबागांत पोचली. साबणाचे पाणी, रॉकेलची मिश्रणे, सर्व उपाय झाले. बागाईतदार उभी झाडे तोडून जाळू लागले. कर्ज काढून लावलेल्या बागा कवडीमोल झाल्या. झाडाला कापडी तंबूने झाकून आत सायनाइडचा विषारी वायू सोडण्याची युक्ती कृषिखात्याचे कीटकतज्ज्ञ डॅनिएल कॉकिलेट यांनी १८८६मध्ये शोधली. परंतु ती खर्चाची, आणि झाडागणिक तंबू फिरविणे हे काही सोपे काम नव्हे.

खात्याचे प्रमुख कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांनी वेगळा विचार केला. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियाची, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग तेथील बागा का उद्ध्वस्त होत नाहीत? तिला आवर घालणारे कोणी तरी तेथे असले पाहिजे, आणि प्रवासात कीड तेवढी आली, तिचा वैरी मागे राहिला. साधा वाटणारा हा तर्क हेच या कथेचे मर्म आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्रेझर क्रॉफर्ड यांनी या किडीवर जगणारी एक परोपजीवी माशी शोधून काढली होती, त्यामुळे तर्काला बळकटी आली.

अडचण निघाली ती भलतीच. खात्याच्या नोकरांनी सरकारी खर्चाने परदेशी जाऊ नये, असा निर्बंध अमेरिकन काँग्रेसने घातला होता. रायली यांच्या युरोपवाऱ्यांना आळा घालण्यासाठीच तो होता, असे म्हणतात. अखेर १८८८च्या मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी मंजूर झालेल्या रकमेतून दोन हजार डॉलर बाजूला काढण्यात आले, आणि रायली यांचे सहायक आल्बर्ट कोबेले प्रदर्शनाच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियास रवाना झाले. शेतकऱ्याच्या हिताचे काम पुष्कळदा अशा आडवाटेने करावे लागते.

कोबेले मुख्यतः ती माशी आणण्यास गेले होते. परंतु १५ ऑक्टोबर १८८८ रोजी उत्तर ॲडलेड येथील एका बागेत त्यांना कापशी किडीवर ताव मारणारा एक लहानसा भुंगेरा दिसला. जेमतेम चार मिलिमीटर लांबीचा, तांबडा, काळ्या ठिपक्यांचा हा व्हेडेलिया. तो आपली अंडी थेट किडीच्या अंगावर आणि तिच्या पिशवीवर घालतो. बाहेर पडणाऱ्या अळ्या पिशवीतील अंडी फस्त करतात. कोबेले यांनी भुंगेरे त्यांच्या भक्ष्यासह डब्यांत भरले आणि आगबोटीच्या बर्फकोठीत ठेवून पाठविले. थंडीने त्यांची हालचाल मंदावे व महिन्याभराचा प्रवास निभावे. ३० नोव्हेंबरला अठ्ठावीस भुंगेरे जिवंत पोचले, डिसेंबरअखेर चव्वेचाळीस, जानेवारीत सत्तावन्न. एकूण एकशे एकोणतीस.

वुल्फस्किल यांच्या मळ्यातील एका कीडग्रस्त नारिंगाच्या झाडावर कापडी तंबू उभारून कॉकिलेट यांनी ते आत सोडले. विषारी वायूसाठी तंबू उभारणारे हेच हात. एप्रिल १८८९च्या आरंभी पाहिले, तो झाडावरील कीड जवळजवळ नाहीशी झालेली. तंबूची एक बाजू उघडताच भुंगेरे शेजारच्या झाडांवर पसरले. बागाईतदार डबे घेऊन येऊ लागले. १२ जूनपर्यंत २०८ जणांना १०,५५५ भुंगेरे वाटले गेले. एका वर्षात लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणाऱ्या नारिंगांच्या वाघिणी सातशेंवरून दोन हजारांवर गेल्या. कृतज्ञ बागाईतदारांनी कोबेले यांना सोन्याचे घड्याळ व त्यांच्या पत्नीस हिऱ्यांची कर्णभूषणे दिली. श्रेय कोणाचे यावरून मात्र रायली आणि कॅलिफोर्नियाचे लोक यांत कटुता आली. न्याय्य दृष्टीने पाहता तर्क रायलींचा, नजर कोबेले यांची. एकावाचून दुसरे व्यर्थ होते.

या यशाने लोक इतके हुरळले की कोणत्याही किडीवर कोणताही ढालकिडा सोडला म्हणजे झाले, अशी समजूत पसरली. कोबेले यांनी दुसऱ्या सफरीत पाठविलेल्या अनेक जातींपैकी फारच थोड्या तगल्या. व्हेडेलियाचे बळ त्याच्या एकनिष्ठ आहारात आणि भराभर वाढणाऱ्या पिढ्यांत होते. ते गुण सर्वांत नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर नारिंगबागांत अन्य किडींसाठी डीडीटी फवारण्यात आले, तेव्हा आधी व्हेडेलिया मेला आणि दबलेली कापशी कीड पुन्हा उसळली. बागाईतदारांना भुंगेरे नव्याने मिळवून सोडावे लागले. भारतात ही कीड १९२८च्या सुमारास निलगिरीत आढळली. तिच्यामागोमाग व्हेडेलियालाही तेथे आणावे लागले.

कोबेले यांनी अमेरिकेला पाठविलेल्यांपैकी क्रिप्टोलिमस नावाचा दुसरा एक ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८मध्ये दक्षिण भारतातील कॉफीच्या मळ्यांसाठी आणला गेला. ज्या खवले किडीसाठी आणला, तिच्यावर तो फारसा उपयोगी पडला नाही. पण पिठ्या ढेकणांवर त्याने आपली उपजीविका शोधली. आज महाराष्ट्रातील द्राक्षबागांत तो मुद्दाम सोडला जातो. त्याची अळी पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. तिच्याकडे बारकाईने पाहिल्यास एवढेच कळते की ती ढेकणापेक्षा चपळ आहे आणि घोसामागून घोस हिंडते आहे; नवखा बागाईतदार तिलाच शत्रू समजून चिरडतो.