रेणू कोणाचा? १९७० च्या पेटंट कायद्याची कहाणी

१/ फेब्रुवारी २००१. एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी मुंबईच्या सिप्ला कंपनीने दर्शविली. पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला १०,००० डॉलर वा त्याहून अधिक खर्च येई. ही तफावत शक्य झाली, तिचे मूळ तीस वर्षांपूर्वीच्या एका भारतीय कायद्यात आहे. #इतिहास

२/ स्वातंत्र्यानंतरही देशात १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा लागू होता. त्यान्वये औषधी रेणूवरच मक्तेदारी मिळू शके. बहुसंख्य पेटंटे परदेशी कंपन्यांकडे होती आणि त्यांतील फारच थोड्यांचे उत्पादन येथे होई. परिणामी औषधे महाग आणि बाहेरून आणलेली.

३/ १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी सरकारला अहवाल सादर केला. अन्न व औषध यांबाबत पदार्थाला पेटंट देऊ नये, तो तयार करण्याच्या प्रक्रियेलाच द्यावे, ही त्यातील कळीची शिफारस होती.

४/ ती १९७० च्या कायद्यात उतरली. २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधाच्या प्रक्रियेवरील पेटंटची मुदतही कमाल ७ वर्षांवर आली.

५/ या एका भेदाने प्रयोगशाळेतला प्रश्नच बदलला. ‘हा रेणू बनवण्याची मुभा आहे का?’ याऐवजी ‘तो दुसऱ्या कोणत्या मार्गाने, अधिक स्वस्तात बनवता येईल?’ असे रसायनशास्त्रज्ञ विचारू लागले.

६/ उत्तर देणारी माणसे व संस्था मात्र आधीच उभ्या होत्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली होती, पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये. पुढे एड्सवरील एझेडटी या औषधाची प्रक्रिया हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकसित केली आणि सिप्लाने ते बाजारात आणले. निव्वळ कायद्याने औषध बनत नाही. कायद्याने मोकळी केलेली वाट चालणारे पायही लागतात.

७/ याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ज्ञात रेणूकडे जाणारे नवे मार्ग शोधण्यात आपण निष्णात झालो, पण सर्वस्वी नवा रेणू शोधण्याची परंपरा त्या मानाने क्षीण राहिली. धोरण ज्याला बक्षीस देते, तिकडेच संशोधन वळते.

८/ जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधी पदार्थांवरील पेटंट परतले. तरी कलम ३(ड) ने एक कुंपण राखले : ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने गुणकारिता वाढत नसेल, तर पेटंट नाही. याच आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील ग्लिव्हेकसंबंधी नोव्हार्टिसचे अपील फेटाळले.

९/ विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांच्या सनावळीतून वाचतो. पण शोध कोणता लागावा आणि तो कोणाच्या घरापर्यंत पोचावा, हे पुष्कळदा कायद्याच्या कलमांत ठरते. ‘पदार्थ’ की ‘प्रक्रिया’, हा वाद वरकरणी शब्दांचा होता. औषधाविना मरणाऱ्यासाठी तो जगण्याचा होता.