उतारवयातली लेखणी



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. तरुणाने थट्टेत म्हटली तर ती सोडून देता येते. पण आमच्या डोणगावात संध्याकाळी पारावर बसलो की म्हातारी माणसेच ती स्वतःला लावून घेताना ऐकू येतात, आणि ते मनाला लागते. “महाराज, आता काय राहिलं आपलं? दोन घास खायचे आन् वाट पाहायची.” शेती मुलाकडे गेलेली, नातू पुण्याकडे गेलेला, घरात बोलायला माणूस नाही. सोयाबीनचा भाव, गुडघ्याचे दुखणे आणि मेहकरच्या दवाखान्याची फेरी, एवढ्यावर बोलणे संपते. मग हळूहळू पारावर येणेही बंद होते. आजाराने खचण्याच्या आधी रिकामपणाने खचलेली माणसे मी पाहिली आहेत.

हे दुःख खोटे नाही. पण ‘आता या वयात काय?’ हा प्रश्न वारकऱ्याच्या तोंडी शोभत नाही, कारण आपल्या संप्रदायाचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. ती साक्ष आज आपल्यापुढे ठेवतो.

कीर्तनात आम्ही दृष्टान्त देतो. गोरोबांचे मूल चिखलात तुडवले गेले, सेनामहाराजांच्या जागी देव राजाची हजामत करायला गेला, जनाबाईचे दळण देवाने दळले. आपण डोळे पुसत ऐकता. या कथा जुन्या अभंगांतून, लोकांच्या तोंडून चालत आल्या, हे खरे. पण त्या एकत्र ओवून, ओवीबद्ध करून घरोघर पोचवल्या कोणी? ताहराबादच्या महिपतीबुवांनी. आम्हा कीर्तनकारांच्या पोटाला त्यांचेच अन्न आहे.

महिपतींचा जन्म १७१५ सालचा. ताहराबाद हे राहुरी तालुक्यातले गाव, आणि घराकडे गावचे कुलकर्णीपण. परंपरा अशी सांगते की एकदा ते पूजेला बसले असता सरकारी कामासाठी शिपाई बोलवायला आला. पूजा आटोपून येतो म्हटले तर तो ऐकेना. महिपती गेले, काम पुरे केले, आणि घरी येऊन कानावरची लेखणी देवापुढे ठेवून म्हणाले की आजपासून ही लेखणी संतांखेरीज कोणासाठी चालणार नाही. वसुलीचे हिशेब लिहिणारा हात संतचरित्रे लिहू लागला.

आता वयाचा हिशेब करू. ‘भक्तविजय’ पुरा झाला शके १६८४, म्हणजे १७६२ साली. आदल्या वर्षीच्या जानेवारीत पानिपत झाले होते, महाराष्ट्रात त्या घाताचे दुःख ताजे होते. अशा दिवसांत हा ५७ अध्यायांचा ग्रंथ उभा राहिला तेव्हा महिपतींचे वय ४७ होते. आज सत्तेचाळीस म्हणजे तरुणच, पण ज्या काळात देवी, पटकी आणि दुष्काळ माणसाला कधी उचलतील याचा नेम नव्हता, त्या काळी ती उताराचीच वाट. नोकरदार माणूस तिथे बस्तान गुंडाळायला लागतो. महिपतींचे बस्तान तिथून पुढे मांडले गेले. ‘कथासारामृत’ १७६५ साली, ‘संतलीलामृत’ १७६७ साली, आणि ५१ अध्यायांचे ‘भक्तलीलामृत’ १७७४ साली, वयाच्या ५९ व्या वर्षी. त्यानंतर ‘संतविजय’ हाती घेतला. तो पुरा झाला नाही. १७९० साली, ७५ व्या वर्षी महिपतींनी देह ठेवला तेव्हा तो अपुराच होता.

माउली, ‘अपुरा राहिला’ हे शब्द आपण हळहळून म्हणतो. मला त्यांत मोठा आधार वाटतो. ज्याचे काम अपुरे राहिले, त्याच्यापाशी शेवटपर्यंत काम होते. नाथमहाराजांचेही तेच झाले. ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले आणि १५९९ साली नाथांनी देह ठेवला. पुढचे कोणी लिहिले? गावबाने. परंपरा सांगते की हा गावबा पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी आलेला मुलगा. लोक त्याला मंद म्हणत, त्याच्या तोंडी एका ‘एकनाथ’ नावाखेरीज काही बसेना. त्याच्याच हाती लेखणी गेली. म्हातारपणी काम हाती घ्यायचे ते पुरे होईल या हिशेबाने नव्हे. आपल्या अंगणात कोणी गावबा घोटाळत असेल, त्याला ते दिसले पाहिजे.

महिपतींनी लिहिले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. हे मी मनचे रचले नाही, असे त्यांनी ग्रंथातच बजावले आहे. उत्तरेकडच्या नाभाजींनी हिंदीत भक्तांची चरित्रे लिहिली होती, आणि महाराष्ट्रात उद्धवचिद्घनांनी लिहिली होती. या दोघांचा आधार त्यांनी नाव घेऊन सांगितला. म्हणजे कुलकर्णीपण सोडलेल्या या माणसाने परक्या बोलीतला ग्रंथ समजून घेतला. म्हणून कबीर, रोहिदास, मीराबाई, नरसी मेहता आपल्या घरी इतके ओळखीचे झाले की ते मराठी नव्हते हे सांगितल्यावर लहान मुले चकित होतात. नवे जाणून घेण्याची ही भूक उतारवयात जागी होती, म्हणून ही श्रीमंती आपल्याला मिळाली.

महिपतींचे हे काम पुढे एका फार लांबच्या माणसाने उचलले, आणि तोही म्हाताराच होता. जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मिशनरी. जन्म १८५३ चा. मराठी मुलखात त्यांचे आयुष्य गेले. काम संपवून ते अमेरिकेत न्यू जर्सी भागात समिट या गावी जाऊन राहिले. धर्म वेगळा, देश वेगळा, आणि पेन्शनीचे वय झालेले. पण मराठी संतांची गोडी सुटेना. १९२६ पासून, म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांची संतचरित्रांची इंग्रजी ग्रंथमाला निघू लागली. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकेक ग्रंथ आले. त्यांना पंडित नरहर गोडबोले यांची साथ होती. १९३२ साली अ‍ॅबट वारले, आणि ‘भक्तविजया’चे भाषांतर त्यांच्या मागे छापून झाले. ताहराबादच्या लेखणीने सातासमुद्रापार एका म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कामाला लावले होते.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव अशी जाते, तेव्हा डोणगावची माणसे दर्शनाला मेहकर गाठतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ‘श्री गजानन विजय’ पोथी आहे, पारायणे झालेली आहेत. पण ती लिहिणाऱ्याचे वय किती होते, हा विचार आपण कधी केला का?

दासगणू महाराजांचा जन्म १८६८ चा. मूळचे पोलीस खात्यातले शिपाई. नोकरी सोडून कीर्तनाला लागले, संतचरित्रे लिहिली, म्हणून लोक त्यांना ‘आधुनिक महिपती’ म्हणू लागले. एकवीस अध्यायांचा ‘गजानन विजय’ शेगावात पुरा झाला तो शके १८६१ च्या वर्षप्रतिपदेला, म्हणजे १९३९ च्या गुढीपाडव्याला. दासगणू तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते! त्यानंतरही ते तेवीस वर्षे जगले. १९६२ साली त्यांनी देह ठेवला.

यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष वेधतो. गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले १८७८ साली, समाधिस्थ झाले १९१० साली. १८७८ साली जो विशीत होता, तो पोथी लिहिली गेली तेव्हा ऐंशीच्या घरात होता. ज्यांनी महाराजांना डोळ्यांनी पाहिले होते, ती पिढी सरत चालली होती. शेगावच्या मंडळींनी दासगणूंना गळ घातली, माहिती त्यांच्यापुढे ठेवली आणि सत्तरी ओलांडलेल्या कीर्तनकाराने ती ओवीत बांधली. आणखी वीस वर्षे सर्व जण ‘आता काय राहिलं’ म्हणत बसले असते, तर पाहिलेले सांगणारे किती उरले असते?

हाच प्रश्न आज आपल्या गावापुढे आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणारे आपण आता सत्तरीच्या पुढे आहोत. मी तेव्हा विशीतला होतो. दिवसभर खडी फोडून आलेली माणसे मिलोची भाकर खाऊन रात्री भजनाला बसत, हे मी पाहिले आहे. कोणत्या अभंगाला जुन्या मंडळींची कोणती चाल होती, एस.टी. नसताना दिंडी कोणत्या गावी मुक्काम करी, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राही, हे आपल्या डोक्यात आहे. कागदावर नाही. आपल्या बायाबापड्यांच्या ओठांवर जात्यावरच्या ओव्या आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. ज्यांना कोणी कधी काही विचारले नव्हते, त्या अंगठेबहाद्दर आज्यांपाशी ते भांडार निघाले. आपल्या गल्लीतल्या आजीला आपण कधी विचारले?

कोणी म्हणेल, “महाराज, म्हातारपण हे नामस्मरणाचे वय. त्यात हे छंद कशाला?” प्रश्न रास्त आहे. नामाला पर्याय नाही. पण महिपतींचे नाम लिहिण्याने सुटले नाही, दासगणूंचेही सुटले नाही. रिकामे मन नाम घेत नाही, ते सुनेची चूक मोजते. हाताला देवाच्या दारातले काम असले की नाम आपोआप ओठांवर राहते.

आणि हे एकट्याने करायचे नाही, हीच तर आपल्या संप्रदायाची खुबी. सप्ताहाची रचना पाहा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहारे लावावे लागतात. पहाटेच्या पहाऱ्याला म्हाताऱ्याचीच आठवण होते, कारण त्याची झोप लवकर उघडते! दिंडीत वीणा शक्यतो वडीलधाऱ्याच्या गळ्यात. काकडा म्हातारेच धरून ठेवतात, हरिपाठात पावली खेळता आली नाही तरी कडेला बसून टाळ वाजवता येतो. पूर्वजांनी प्रत्येक वयाला जागा नेमून दिली आहे. ती जागा आपण सोडली तर ती रिकामीच राहते, तिथे तरुण येऊन बसत नाही.

शरीराच्या मर्यादा मी जाणतो. माझा आवाज गेला, आता दोन तास उभे राहून कीर्तन होत नाही. पण चाल गुणगुणून दाखवता येते. चार पोरे पखवाज शिकायला येतात, त्यांना हातावर बोल सांगतो. त्या बदल्यात ती मला मोबाइलवर आवाज कसा भरून ठेवायचा ते शिकवतात. जुन्या चालींपैकी काही अशा भरून झाल्या. पोरांकडून शिकायला कमीपणा वाटत असेल त्यांनी चांगदेवांना आठवावे. परंपरा त्यांचे वय १४०० वर्षे सांगते. एवढे आयुष्य काढून कागद कोराच राहिलेला, आणि ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. पुढे त्या वृद्ध योग्याने गुरू केले कोणाला? लहानग्या मुक्ताईला.

तेव्हा माउली, माझे मागणे फार नाही. ज्याला लिहिता येते त्याने एक वही करावी. ज्याला येत नाही त्याने नातवाला बसवून सांगावे. जुनी चाल, जुने मुक्काम, गावातल्या गेलेल्या टाळकऱ्यांची नावे, काहीही चालेल. आणि जो पारावर यायचा बंद झाला आहे, त्याच्या घरी जाऊन एवढेच विचारा की अमक्या अभंगाची चाल कशी होती, आम्हाला आठवेना. तो औषधांचे बोलणे थांबवून चाल आठवू लागेल. आठवली की त्याला घेऊन मंदिरात या. सप्ताहातला पहाटेचा एक पहारा त्याच्यासाठी मोकळा ठेवा.

रामकृष्ण हरी.